उत्तरेकडचा खांब

शैलजाताई कानिटकर कोणाच्याही घरात शिरल्या की आधी वर बघत. यजमानीण दारात हसतमुखाने उभी, आतून फोडणीचा वास येतोय, आणि या बाई चपला काढता काढता छताच्या कोपऱ्याकडे नजर लावून. मग हळूच विचारत, "वरच्या मजल्यावर बाथरूम आहे का हो?" नव्या माणसाला वाटे, बाईंना जायची घाई आहे. नंतर कळे की छतावरच्या पिवळट डागाचं मूळ त्या शोधताहेत.

ऑकलंडच्या मराठी मंडळींत त्यांना मागून 'पडझडकाकू' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. "म्हणू देत," त्या म्हणत. "पडल्यावर म्हणण्यापेक्षा आधी म्हटलेलं बरं."

त्या मूळच्या सोलापूरच्या. पाच फुटांच्या आतबाहेर उंची, जाड भिंगांचा चष्मा, पिकलेल्या केसांची घट्ट वेणी. पूल, फलाट, भिंती तपासणारी इंजिनिअर म्हणून त्यांची हयात गेली, त्यातली शेवटची वीसेक वर्षं इथे. मी त्याच ऑफिसात ड्रॉइंग्ज काढायची. दोघी हिल्सबरोला राहायचो, म्हणून सकाळी त्यांच्या गाडीतून जायचो. गाडीत रेडिओ नाही, गाणी नाहीत. पुलाखालून जाताना त्यांचं बोलणं थांबायचं आणि पूल मागे पडला की अर्धवट वाक्य तिथूनच पुढे सुरू व्हायचं. महिन्याभरात मलाही ती सवय लागली. आजही आहे.

त्यांच्याकडे एक छोटा हातोडा असे. काँक्रीटवर तो हलकेच आपटायचा आणि कान द्यायचा. "भरीव बोललं की जिवंत. पोकळ बोललं की आत काहीतरी मेलंय," त्या मला शिकवत. इथले कामगार पोकळ आवाजाला 'ड्रमी' म्हणतात. ताईंच्या तोंडी तो शब्द माणसांसाठीही असे. एखाद्या गोडबोल्या साहेबाशी हस्तांदोलन करून बाहेर आल्या की पुटपुटत, "ड्रमी आहे गं."

एकदा गणपतीच्या कार्यक्रमाला मंडळाने माउंट रॉस्किलमधला एक जुना हॉल घेतला होता. नाटुकलं सुरू व्हायला पाच मिनिटं होती, आणि ताई रंगमंचावर चढल्या. हॉलच्या डाव्या बाजूला बसलेल्या सगळ्यांनी उठून उजवीकडे यावं, म्हणाल्या. का, तर वरचं प्लास्टर त्यांना आवडलं नव्हतं. शंभर-दीडशे माणसं कुरकुरत उठली. म्हाताऱ्यांच्या खुर्च्या हलवल्या, मुलं मांडीवर घेतली. अध्यक्षांनी माइकवरून विनोद केला, सगळे हसले. नाटुकलं झालं, आरती झाली, प्रसाद वाटला, आणि छतातून चिमूटभर चुनासुद्धा पडला नाही.

परत येताना मी विचारलं, "ताई, लोक हसले त्याचं वाईट नाही वाटलं?"

"नाही. काही पडलं नाही, हे चांगलंच झालं की." मग म्हणाल्या, "मेघना, मला भीती हसण्याची नाही. भीती याची आहे, की एखाद्या दिवशी मी चुकीच्या जागी बोट दाखवीन. सगळे मी सांगितलं म्हणून उजवीकडे येऊन बसतील, आणि पडेल ते उजवीकडचं."

तेव्हा मी हे हसण्यावारी नेलं.

आमच्या ऑफिसकडे तपासणीला असलेल्या बांधकामांत एक वरचं स्टेशन होतं. शहराच्या दक्षिणेला, खाडीलगतच्या सखल भागात. रूळ जमिनीपासून दोन मजले उंच, काँक्रीटच्या खांबांवर, आणि त्यावर दोन फलाट. आजूबाजूचे लोक त्याला नुसतं 'टॉप' म्हणत. "सी यू अप टॉप," असं एकमेकांना सांगत. सकाळी तिथे उतरून माणसं बसने ईस्ट टामाकीच्या कारखान्यांकडे आणि गोदामांकडे जात. हिवाळ्यात सगळी गर्दी उत्तरेकडच्या टोकाला सरकलेली असे, कारण कोवळं ऊन आधी तिथे पडायचं. ताईंचा मुलगा नचिकेत युनिव्हर्सिटीत होता तेव्हा आपल्या मैत्रिणीला भेटून तिथूनच गाडी पकडायचा. तोही त्याच उन्हात उभा राहायचा.

फलाटाखाली, दक्षिणेच्या खांबांमध्ये, श्यामलाल यांची डेअरी होती. इथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात. दूध, ब्रेड, खिमा भरलेल्या पाई, लॉलीज म्हणजे रंगीत गोळ्या, असलं सगळं मिळायचं. श्यामलाल फिजीचे. त्यांच्या वडिलांनी ते दुकान घातलेलं. ताई तपासणीला गेल्या की ते त्यांना स्टूल देत आणि दूध घातलेला गोड चहा. ताई चहा घेत आणि दुकानाच्या छताकडे बघत. कारण त्या छताच्या फळ्यांमागे दक्षिणेकडच्या खांबाचा माथा होता, आणि फळ्यांच्या फटीतून तांबूस पाणी ओघळायचं.

लोखंडी सळया गंजू लागल्या की काँक्रीट असं रडतं. वरच्या फलाटाच्या तुळईचं टोक खांबाच्या माथ्यावरच्या एका लहानशा ओठावर टेकलेलं असतं. तो ओठ तुटला, तर तुळई खाली. सगळं ओझं त्या वीतभर ओठावर.

ताईंनी श्यामलालना फळ्या काढायला सांगितलं. ते टाळत राहिले; फळ्या काढायच्या म्हणजे दुकान आठवडाभर बंद. शेवटी एका जूनच्या सकाळी ताईंनी स्वतःच शिडी मागितली. पहिली फळी निघाली आणि मूठभर ओला तांबडा चुरा त्यांच्या बाहीवर पडला. त्यांनी हातोडा मारला. तो आवाज मीही ऐकला. रिकाम्या डब्यावर मारावं तसा.

वर त्याच वेळी गाडी येत होती. सगळं छत थरथरलं, काचेच्या बरणीतल्या लॉलीज खुळखुळल्या. ताई शिडीवरून हलल्या नाहीत. गाडी जाईपर्यंत खांबाला तळहात लावून उभ्या होत्या, तापलेल्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा.

त्यांनी अहवाल दिला. तीन दिवसांत स्टेशन बंद झालं.

मग जे झालं ते मला अजून आठवतं. लोक चिडले. ते स्टेशन त्यांचं होतं. आजोबांना तिथून कामावर जाताना पाहिलेलं. जाळीच्या कुंपणावर पाट्या लागल्या, फुलं लागली. सभेत एका बाईने ताईंना विचारलं, "तू इथली आहेस का? तुला काय कळणार?" दुरुस्ती परवडणार नाही असं ठरलं, आणि पाडायचं नक्की झालं. श्यामलालनी दुकान आवरलं. शेवटच्या दिवशी ताई त्यांना फळ्या उतरवायला, खोकी बांधायला मदत करायला गेल्या. ते नाही म्हणाले नाहीत, पण चहाही विचारला नाही.

रागावलेल्या लोकांसाठी काहीतरी करावं म्हणून स्टेशनचा एक इतिहास छापायचं ठरलं. जुनी छायाचित्रं, नकाशे, लोकांच्या आठवणी. एक प्रत शाळेला, एक वाचनालयाला. आमचे मॅनेजर कॉलिन यांनी ते काम ताईंना दिलं, कारण कागदपत्रं सगळी त्यांच्याच कपाटात होती. मी ड्रॉइंग्ज काढायची आणि मुलाखती रेकॉर्ड करायच्या.

ताई त्यात रमल्या. मला नवल वाटलं. त्या बांधकामाकडे नेहमी रोगी म्हणून बघत. आता पहिल्यांदा त्याची जन्मकथा लिहीत होत्या. मुळात तिथे पाणथळ होती, ईल मासे धरायची जागा. मग रस्ता झाला, रूळ झाले, आणि रूळ जिथे रस्ता ओलांडत तिथे माणसं मरू लागली, म्हणून रूळ उचलून वर नेले. पाणथळीचं पाणी मातीखाली नळात घातलं. "पाण्याला कोणी विचारलं नाही," ताईंनी लिहिलं होतं. कॉलिननी ते वाक्य खोडलं. ताईंनी परत घातलं.

सर्वांत शेवटी आम्ही श्यामलालकडे गेलो. ते आता मुलीकडे, अल्बनीला राहत. चकचकीत नवं घर, पुढच्या अंगणात तीन सारखी झुडपं. श्यामलाल सोफ्याच्या कडेला पाहुण्यासारखे बसले होते. आधी तुटक बोलले. मग वडिलांचं, दुकानाचं, पावसाचं निघालं आणि मोकळे झाले. फिजीच्या हिंदीत बोलत होते. मी फोन मध्ये ठेवून रेकॉर्ड करत होते.

"पानी तो हमेसा रहा," ते म्हणाले. "लेकिन हमार तरफ तो थोड़ा-थोड़ा टपकत रहा. असली पानी ऊ दूसर तरफ रहा. उत्तर वाला खंभा. बरसात में ऊ बोलत रहा. गुड़-गुड़, गुड़-गुड़. हमार बाप कहे कि अंदर पाइप है, छत का पानी ओही में जाय."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "खांबाच्या आत पाइप? ड्रॉइंगमध्ये नाही."

"हम आपको बोला रहा, मैडम."

"मला?"

"बहुत साल हुआ. आप नया-नया आया रहा. हम बोला, मैडम, ऊ खंभा में पानी बोले है. आप हँसा."

आतल्या खोलीत त्यांची नात इंग्रजीत कोणाशी तरी फोनवर बोलत होती.

"मी हसले?" ताईंनी मराठीतच विचारलं. श्यामलालना ते कळलं. त्यांनी 'हो' अशी मान हलवली. त्या हलवण्यात राग नव्हता, आणि त्यामुळे ते जास्त भयंकर होतं.

परतताना ताईंनी मला गाडी चालवायला दिली. असं कधी झालं नव्हतं. हार्बर ब्रिज आला तेव्हा त्या म्हणाल्या, "उत्तरेकडचा खांब मी अकरा वेळा तपासलाय. दर वेळी भरीव. कोरडा. स्वच्छ रंगवलेला." पुलाच्या मध्यावर आम्ही होतो, आणि त्या बोलत होत्या. थांबल्या नाहीत.

नाताळाच्या सुट्टीत, लोकल बंद असतात तेव्हा, पाडकाम सुरू झालं. उन्हाचा कडाका, रस्त्याकडेची पोहुतुकावाची झाडं लालभडक फुललेली. आमचं तिथे काम नव्हतं, पण ताई रोज जात. बांधकामावरच्या कडक टोपीत, धुळीत, सकाळपासून उभ्या. मी तिसऱ्या दिवशी गेले.

दक्षिणेकडचा माथा आधी उघडला. ओठ खराब होताच, कडेने झडलेला. पण आतल्या अर्ध्या सळया शाबूत होत्या. पाडकामाचा मुकादम, टोंगा बेटांवरचा धिप्पाड माणूस, ओरडला, "शी वुड हॅव हेल्ड, आँटी! अजून खूप वर्षं टिकला असता!" त्याला वाटलं, स्टेशनवर जीव असलेल्या बाईंना बरं वाटेल.

दुपारी क्रेनने उत्तरेकडची तुळई धरली. नुसती धरली, उचलायची होती अजून. तेवढ्यानेच खांबाच्या माथ्याचा बाहेरचा थर, तो स्वच्छ रंगवलेला, दरवाजा उघडावा तसा सुटला आणि अख्खाच्या अख्खा खाली आला. धूळ खाली बसायला वेळ लागला.

आत ओठ नव्हता.

चॉकलेटी भुशासारखं काहीतरी होतं, पाणी झिरपून झिरपून सळयांचं झालेलं. मधोमध ओतीव लोखंडाचा एक जुना पाइप उभा होता, श्यामलालच्या वडिलांनी सांगितलेला. तुळई त्या पाइपाच्या काठावर टेकली होती. बाहेरचा जाड थर कधी काळी कोणीतरी केलेल्या डागडुजीचा. ताई वर्षानुवर्षं त्या डागडुजीवर हातोडा मारत होत्या, आणि ती भरीव बोलत होती.

मुकादमाने सगळ्यांना मागे घेतलं. क्रेन थांबवली. तो माणूस मघाशी ओरडत होता, आता कुजबुजल्यासारखा म्हणाला, "पीपल स्टूड देअर." मग टोपी काढून डोकं पुसलं.

ताईंनी वर, फलाटाच्या त्या टोकाकडे पाहिलं. तिथे अजून बाक होता. ऊन बाकावर पडलं होतं.

"नचिकेत," एवढंच त्या म्हणाल्या.

ऑफिसात मात्र आनंदीआनंद. स्टेशन वेळेत बंद झालं, माणसं वाचली, आणि बंद कोणी करवलं? कॉलिननी केक आणला. ज्या बाईने सभेत बोल लावला होता तिने फुलं पाठवली. ताई केकपाशी उभ्या राहिल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "मी दुसरीकडे बोट दाखवलं होतं. आपण नशिबाने वाचलो. त्याचा केक नसतो." कोणीतरी सुरी ठेवून दिली. केक दोन दिवस फ्रिजमध्ये पडून होता.

त्यांनी इतिहासाचं शेवटचं प्रकरण लिहिलं. चार पानं. श्यामलाल काय म्हणाले, त्या कशा हसल्या, अकरा तपासण्या, प्रत्येकीखाली कोणाची सही. कॉलिननी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. काचेतून मला दिसत होतं. ते वाईट माणूस नव्हते. हात जोडल्यासारखे करून बोलत होते.

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणतो, स्टेशन गेलं, आता सोडून दे. इतिहासात हे कशाला."

"मग?"

"मी विचारलं, मग इतिहास कशाला म्हणतोस? फुलांचे फोटो म्हण."

पुस्तक छापलं गेलं ते त्या चार पानांवाचून. ताईंनी नोकरी सोडायची महिन्याची नोटीस दिली. इंजिनिअरांची नोंदणी करणाऱ्या कार्यालयाला स्वतःविरुद्ध पत्र लिहिलं, चार पानं सोबत जोडून. आणि एका शनिवारी मला घेऊन वाचनालयात गेल्या. ग्रंथपाल मुलीला सगळं सांगितलं, पानं दाखवली. तिने ती उभ्या उभ्या वाचली. मग ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढून ताईंच्या हातात दिली. त्या प्रतीत ती पानं अजून आहेत. मी अधूनमधून जाऊन बघते. कडा मळल्या आहेत, म्हणजे कोणीतरी वाचतं.

नोकरी सुटल्यावर त्या घरी बसतील असं मला वाटलं होतं. त्याऐवजी त्यांनी एक वही केली. आयुष्यात जिथे जिथे 'ठीक' असं लिहून सही केली होती, त्या सगळ्या जागांची यादी. पूल, भिंती, जिने, शाळांच्या गॅलऱ्या. बसने एकेका ठिकाणी जायच्या. आता ओळखपत्र नाही, नारिंगी जॅकेट नाही. साधा स्वेटर घातलेली एक म्हातारी बाई खांबाला कान लावून उभी. दोनदा पोलिसांनी हटकलं. मराठी मंडळींत कुजबुज सुरू झाली. पडझडकाकू म्हणायचं लोकांनी बंद केलं. ते जास्त वाईट होतं. मी फोन केला की म्हणायच्या, "अजून खूप राहिल्यात गं." आणि त्यांच्या आवाजात एक घाई असायची, पाठीमागून कोणीतरी येत असल्यासारखी.

नचिकेत मेलबर्नला असतो. तो येऊन त्यांना घेऊन गेला. तिथे त्या बऱ्या आहेत, असं तो सांगतो. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी पंधरा दिवस.

आमच्या मुलीच्या शाळेकडे जायला मोठ्या रस्त्यावरून एक पादचारी पूल आहे. मी रोज दुपारी त्यावरून तिला आणायला जायची. त्या दिवशी पावसाची भुरभुर होती. पुलाच्या पायऱ्यांपाशी ताई उभ्या होत्या. स्वेटर भिजलेला, वही पोटाशी धरलेली. वेणीतून बटा सुटल्या होत्या.

"ताई! इथे कुठे?"

"वरून जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "सिग्नलवरून फिरून जा."

मी वर पाहिलं. रोजचा पूल. निळा रंग, जाळी, जाळीला कोणीतरी अडकवलेला लाल हातमोजा.

"किती वाईट आहे?"

"मला माहीत नाही, मेघना." चष्म्यावर पाणी होतं. "पूर्वी मला माहीत असायचं. आता सगळंच मला पोकळ ऐकू येतं. पण हे मी सोडणार नाही. कौन्सिलला फोन केलाय. माणूस पाठवतो म्हणाले, एका तासात."

मी घड्याळ बघितलं. शाळा सुटायला तीन मिनिटं होती.

त्यांनीही बघितलं. वही माझ्या हातात दिली. "जा. तू पलीकडून तिला घे. आधी जा."

मी धावले. सिग्नल लवकर मिळेना. तो पूल त्या संध्याकाळी बंद झाला, आणि पुढे दोन महिने बंद राहिला, हे सगळं नंतरचं. तेव्हा मी रस्त्याच्या मधल्या बेटावर अडकून उभी होते, दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते, आणि पलीकडे शाळेची घंटा झाली. मुलं फाटकातून सांडली. पिवळे रेनकोट, दप्तरं, स्कूटर्स. नेहमीसारखी ओरडत पुलाच्या पायऱ्यांकडे. पहिली चढायला लागलीसुद्धा.

आणि पुलावर, या टोकाकडून त्या टोकाकडे, ताई धावत होत्या. त्यांना कधी धावताना मी पाहिलं नव्हतं. ज्या पुलावर मला पाय ठेवू दिला नव्हता, त्याच्या मधोमधून, एक हात कठड्यावर, वेणी पाठीवर आपटत. मुलं वर पोचायच्या आत त्या पोचल्या. पलीकडच्या जिन्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पसरले, कठड्यापासून कठड्यापर्यंत. हात पुरत नव्हते. काय ओरडल्या ते ट्रकांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण पुढची मुलगी थांबली. मग तिच्या मागची. मग सगळी.